हेडफोन अ‍ॅम्प घेताना: चार डबे आणि घरातला इन्व्हर्टर

हेडफोन अ‍ॅम्प म्हणजे फोन-लॅपटॉपचा बारीक सिग्नल वाढवून हेडफोनला ताकद देणारा डबा. टेबलावर ठेवायचा असा छोटा अ‍ॅम्प घ्यायचा ठरवलं की चर्चा फिरून फिरून चार नावांवर येते: फिओचा के-११, त्याचाच थोरला भाऊ के-७, आयफायचा झेन डॅक आणि जेडीएस लॅब्जचा एटॉम. चारही चांगले आहेत. अडचण अशी की दुकानांच्या पानांवर तुलना होते ती वॉटची आणि चिपच्या नावांची, आणि कोल्हापुरातल्या घरात बसून ऐकणाऱ्या माणसाच्या निवडीत या दोन गोष्टींना फारसं वजन नाही. कानावर कोणता हेडफोन आहे आणि भिंतीतून येणारी वीज कशी आहे, हे आधी बघायचं.

हेडफोनपासून सुरुवात करू, कारण अर्ध्या लोकांचा शोध तिथेच संपेल.

बहुतेक हेडफोनांच्या खोक्यावर किंवा कंपनीच्या पानावर दोन आकडे असतात. एक रोध, ओहममध्ये. दुसरा संवेदनशीलता, म्हणजे १ मिलीवॅट दिल्यावर किती डेसिबल आवाज निघतो ते. या दोन आकड्यांवरून गरज काढता येते. गाण्यातल्या सगळ्यात मोठ्या क्षणाला ११० डेसिबलपर्यंत जायचं आहे असं धरू. (कायम एवढ्या आवाजात ऐकायचं नाही, तेवढी हौस विसर्जन मिरवणुकीत फुकट भागते.) ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स ३८ ओहमचा, ९९ डेसिबलचा. त्याला ११० गाठायला साधारण १३ मिलीवॅट लागतात, म्हणजे जेमतेम ०.७ व्होल्ट. अ‍ॅपलचा तो शेपटासारखा यूएसबी-सी डाँगल (फोन-लॅपटॉपला हेडफोन जोडायचा) १ व्होल्टच्या आसपास देतो. हिशेब संपला. एम५०एक्सवाल्याने अ‍ॅम्पवर पैसे घालायची गरज नाही. फक्त एक सांभाळा: काही अँड्रॉइड फोनवर हा डाँगल आवाज दाबूनच ठेवतो, त्यामुळे फोनवर नाराज झालात तरी लॅपटॉपवर लावून बघा आणि मगच नावं ठेवा.

बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो, २५० ओहमवाला, मात्र वेगळ्या जातीचा. ९६ डेसिबल, म्हणजे ११० साठी २५ मिलीवॅट. आकडा किरकोळ वाटतो, पण २५० ओहममधून २५ मिलीवॅट ढकलायचे तर अडीच व्होल्ट हवेत. डाँगल तिथे ८ डेसिबलनी कमी पडतो. पॉपची आजची गाणी त्यावर चालून जातील, कारण ती मुळातच जोरात भरलेली असतात. पण हळू आवाजात ध्वनिमुद्रित केलेली आलापी लावली की नॉब शेवटाला टेकतो आणि तरी पोट भरत नाही. तिसरा नमुना हायफायमॅनचा एचई४००एसई, प्लॅनर (सपाट पडद्याच्या) जातीचा: २५ ओहम, ९१ डेसिबल. त्याला ११० साठी ७९ मिलीवॅट लागतात. व्होल्ट १.४ च पुरतात, पण करंट ५६ मिलीअँपिअर ओढतो. डीटी ९९० ला याच आवाजाला १० मिलीअँपिअर पुरतात. एकाला व्होल्टची भूक, दुसऱ्याला करंटची.

आता चारही डबे या गरजेशेजारी ठेवा. (तक्त्यातला डॅक म्हणजे कॉम्प्युटरमधल्या डिजिटल गाण्याचा अ‍ॅनालॉग सिग्नल बनवणारा भाग, आणि आरसीए इनपुट म्हणजे बाहेरचा अ‍ॅनालॉग सिग्नल आत घ्यायची जागा.)

| | के-११ | के-७ | झेन डॅक व्ही२ | एटॉम |
|---|---|---|---|---|
| ३२ ओहमला ताकद, साध्या जॅकवर | ५२० मिलीवॅट | १२२० मिलीवॅट | सुमारे २८० मिलीवॅट | १००० मिलीवॅट |
| ४.४ मिमी बॅलन्स्ड जॅक | आहे | आहे | आहे | नाही |
| आत डॅक | आहे | आहे | आहे | नाही |
| ऑप्टिकल इनपुट | आहे | आहे | नाही | नाही |
| आरसीए इनपुट | नाही | आहे | नाही | आहे |
| वीज | १२ व्होल्ट डीसी | १२ व्होल्ट डीसी | ५ व्होल्ट, यूएसबीवरही | सुमारे १६ व्होल्ट एसी |

पहिली ओळ परत वाचा आणि मघाच्या ७९ मिलीवॅटशी ताडून बघा. सगळ्यात अशक्त झेन डॅकसुद्धा तिपटीहून जास्त देतो. व्होल्टच्या बाजूनेही तेच: झेनच्या साध्या जॅकवर तीन व्होल्टच्या वर मिळतात, डीटी ९९० ला अडीच हवे होते. म्हणजे नेहमीच्या हेडफोनांसाठी चारही डबे पुरून उरतात. आणि वॉट दुप्पट झाले तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलनी. के-७ च्या जाहिरातीत बॅलन्स्ड जॅकचे २००० मिलीवॅट ठळक छापलेले असतात, के-११ चे १४००. कागदावर मोठी दरी, कानाला दीड डेसिबल. एवढा फरक ओळखायचा तर दोन्ही डबे शेजारी ठेवून बटण फिरवत बसावं लागेल.

अपवाद आहे. हायफायमॅनचा जुना एचई-६ सारखा ८३.५ डेसिबलवाला हट्टी हेडफोन असेल तर त्याला साडेचारशे मिलीवॅटच्या आसपास लागतात आणि तिथे झेन डॅकचा साधा जॅक कमी पडतो. पण ज्याच्याकडे एचई-६ आहे त्याला हा लेख वाचायची गरज नाही, त्याचा नाद केव्हाच पुढे गेलेला असतो.

बॅलन्स्ड जॅकबद्दलही आत्ताच सांगून टाकतो, कारण ४.४ मिमीच्या त्या भोकासाठी लोक दोन-चार हजार जास्त मोजतात आणि मग कळतं की आपल्या हेडफोनला तो लागतच नाही. बॅलन्स्डसाठी दोन्ही कानांच्या तारा शेवटपर्यंत वेगळ्या असाव्या लागतात. डीटी ९९० प्रोची वायर एकाच कानात जाते, तीही कायमची जोडलेली. एम५०एक्सची वायर निघते, पण तीही एकाच बाजूला. दोन्ही ठिकाणी हेडफोन उघडून डागडुजी केल्याशिवाय बॅलन्स्ड होत नाही. एचई४००एसई किंवा सेनहायझरचे एचडी ६००, ६५० यांना दोन्ही कानांत वेगळी वायर जाते, तिथे नुसती केबल बदलून काम होतं. तुमचा हेडफोन पहिल्या गटातला असेल तर तक्त्यातली ४.४ ची ओळ खोडून टाका.

मग निवड करायची कशावर? विजेवर.

एटॉम आणि त्याचा अमेरिकन शेजारी, शिटचा मॅग्नी, हे दोन्ही सोबतच्या अ‍ॅडॉप्टरकडून एसी घेतात. त्या अ‍ॅडॉप्टरच्या आत खराखुरा ट्रान्सफॉर्मर असतो, जड, भिंतीच्या सॉकेटमध्ये लोंबणारा. वीज चांगली असेल तर ही रचना उत्तम. आपल्याकडे मात्र त्यात दोन खोडे आहेत. पहिला खोडा: अमेरिकेत राहणाऱ्या पुतण्याने येताना एटॉम आणला तर त्याचा अ‍ॅडॉप्टर तिकडच्या १२० व्होल्टचा असण्याची शक्यता मोठी. मोबाइलचा चार्जर कुठेही चालतो म्हणून सवयीने तो आपल्या २३० व्होल्टमध्ये खोचला जातो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. अ‍ॅडॉप्टरच्या पाठीवर २३० लिहिलेलं नसेल तर तो पिशवीतून बाहेरही काढू नका. कंपनी २३० व्होल्टवाला देते, ऑर्डर देतानाच तो निवडायचा असतो.

दुसरा खोडा इन्व्हर्टरचा. पावसाळ्यात लाइट किती वेळा जाते ते वेगळं सांगायला नको. घरी स्वस्तातला स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर त्याची वीज मुख्य लाइनसारखी गुळगुळीत नसते, आणि ट्रान्सफॉर्मरवाली कुठलीही वस्तू तिच्यावर घरघरते, तापते. पंखा इन्व्हर्टरवर जो आवाज काढतो तोच प्रकार. साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर फिओच्या डब्यांसोबत येणारे १२ व्होल्ट डीसीचे स्विचिंग अ‍ॅडॉप्टर हा प्रकार जास्त निमूटपणे सोसतात, कारण ते आलेली वीज आधी सरळ करून घेतात आणि मग पुढे देतात. झेन डॅकला तर लॅपटॉपच्या यूएसबीमधून मिळणारे ५ व्होल्ट पुरतात. लाइट गेली, लॅपटॉप बॅटरीवर आला, गाणं चालूच. या चौघांत ही सोय फक्त त्याच्याकडे आहे.

जाता जाता एक. २०११ साली एका निनावी अभियंत्याने ओ-टू नावाचा अ‍ॅम्प आरेखित करून त्याचा आराखडा सगळ्यांसाठी खुला केला. त्यात ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आतच बसायच्या, त्यामुळे लाइट असो वा नसो, डबा चालू. जेडीएस लॅब्ज तोही बनवून विकायची, आणि २०१८ चा एटॉम हा त्याच घराण्यातला. बॅटऱ्या मात्र एटॉममध्ये आल्या नाहीत. भारनियमनाच्या गावाला ओ-टूच जास्त शोभला असता.

अ‍ॅडॉप्टर बिघडला तर काय, हाही विचार खरेदीआधीच करावा. १२ व्होल्ट डीसीचा अ‍ॅडॉप्टर ही सीसीटीव्ही आणि राउटरवाल्यांची रोजची वस्तू आहे, शाहूपुरीत उभ्या उभ्या मिळेल. मूळ अ‍ॅडॉप्टरवर छापलेले अँपिअर, पिनेची जाडी आणि आतली बाजू धन की ऋण, एवढं जुळवून घ्यायचं. १६ व्होल्ट एसीचा मात्र कुठल्या काउंटरवर सहज मिळत नाही. उद्यमनगरात कुणाकडून ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेता येईल म्हणा, उद्यमनगरात काय होत नाही! पण घाऊक माल बनवणाऱ्याकडे एकच ट्रान्सफॉर्मर मागायला जायचं तर ओळख लागते.

अर्थिंगचं दुखणं पेठांतल्या जुन्या घरांत जास्त. तीन पिनांचं सॉकेट दिसतं, पण तिसऱ्या भोकामागे तार असेलच असं नाही. अशा घरात लॅपटॉप चार्जरला लावून यूएसबीने डबा जोडला तर हेडफोनमध्ये बारीक घूं ऐकू येऊ शकतं. माउस हलवला की किरकिर, हा डेस्कटॉप कॉम्प्युटरचा नेहमीचा प्रकार. चार्जर काढल्यावर आवाज बंद झाला तर दोष डब्यात नाही. यावर सोपा इलाज ऑप्टिकल केबल. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही, त्यामुळे कॉम्प्युटरचा कचरा डब्यापर्यंत पोहोचतच नाही. कॉम्प्युटरला किंवा टीव्हीला ऑप्टिकल आउट असेल तर के-११ आणि के-७ इथे झेन डॅकच्या सरळ पुढे जातात. अर्थात खरा इलाज वायरमनला बोलावून अर्थिंग करून घेणं हाच, आणि तो अ‍ॅम्पपेक्षा स्वस्त पडतो.

आता एकेक डबा.

के-११. २०२३ साली आला, तेव्हा तिकडे किंमत होती १२९ डॉलर. आपल्याकडे सीमाशुल्क आणि जीएसटी धरून जी होते ती रोज थोडी हलते, म्हणून रुपयांचा आकडा छापत नाही. आत सिरस लॉजिकची सीएस४३१९८ चिप, समोर छोटा डिस्प्ले, एकच नॉब, आवाजाचा आकडा डोळ्यांनी दिसतो. गेनच्या (सिग्नल किती पटीने वाढवायचा त्याच्या) पायऱ्या आहेत, त्यामुळे कानात घालायच्या नाजूक इअरफोनपासून २५० ओहमपर्यंत सगळं सांभाळतो. उणीव एक: बाहेरून अ‍ॅनालॉग आवाज आत घ्यायची सोय नाही. घरात वडिलांचा टेपडेक किंवा रेकॉर्ड प्लेअर असेल आणि तो हेडफोनवर ऐकायचा असेल तर के-११ चा काही उपयोग नाही. तसं काही नसेल तर मला दहापैकी आठ जणांसाठी हाच पुरेसा वाटतो. राहिलेल्या पैशात चांगला हेडफोन घ्या.

के-७. २०२२ चा, १९९ डॉलरला आलेला. दोन एके४४९३ चिपा, टीएचएक्सचा अ‍ॅम्प विभाग, मागे आरसीए इनपुट, यूएसबी, ऑप्टिकल, कोअ‍ॅक्सियल. डबा मोठा आहे, छोट्या टेबलावर जागा खातो. घेण्यासारखं खरं कारण म्हणजे ते आरसीए इनपुट. फोनो प्रीअँपमधून (रेकॉर्ड प्लेअरचा बारीक सिग्नल वाढवणारा छोटा डबा) रेकॉर्ड प्लेअर एका बाजूने, कॉम्प्युटर दुसऱ्या बाजूने, टीव्ही ऑप्टिकलने, आणि मागच्या आरसीए आउटमधून अ‍ॅक्टिव्ह (आतच अ‍ॅम्प असलेल्या) स्पीकरांकडे. ज्याच्या खोलीत खरंच इतक्या वायरी येऊन मिळतात त्याने के-७ घ्यावा. नुसता लॅपटॉप आणि हेडफोन असताना के-७ घेणं म्हणजे जास्तीच्या दीड डेसिबलची किंमत मोजणं.

झेन डॅक. मला याचा नॉब फार आवडतो. मोठा, मधोमध, हाताला जड लागणारा. आवाज कमी-जास्त करताना डिस्प्लेकडे बघायची गरज पडत नाही. समोर दोन बटणं: एक गेनचं, दुसरं बास वाढवायचं. शास्त्रीय ऐकणारे बासच्या बटणाला नाक मुरडतील, पण एचडी ६०० सारख्या बास थोडा कमी असलेल्या हेडफोनवर तबल्याचा डग्गा त्याने भरतो, हे खोटं नाही. व्ही२ घेताना मागचं यूएसबी बघून घ्या: ते जुन्या प्रिंटरसारखं दिसणारं पण यूएसबी ३ जातीचं चौकोनी आहे, त्याची केबल हरवली तर गल्लीतल्या मोबाइलच्या दुकानात मिळणार नाही. नंतरच्या व्ही३ ला यूएसबी-सी आलं आहे, किमतीत फार फरक नसेल तर तोच घ्या. ऑप्टिकल नाही, टीव्हीला जोडता येत नाही. लॅपटॉपवाल्याचा, आणि इन्व्हर्टरवाल्याचा हा डबा.

एटॉम आणि मॅग्नी. दोघांतही डॅक नाही. म्हणजे आधीच चांगला डॅक किंवा ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा) असेल तरच यांचा विचार. घरी गाणं रेकॉर्ड करणारे बरेच जण असतात, त्यांच्याकडे इंटरफेस असतो आणि त्याचा हेडफोन जॅक २५० ओहमला दम टाकतो; त्यांना इंटरफेसच्या मागून एटॉम जोडला की काम झालं. मोजमापात एटॉम स्वच्छ आहे, किंमत मूळची ९९ डॉलर. पण वाहतूक, शुल्क आणि वेगळा डॅक जोडला की ती स्वस्ताई बंदरावरच उतरते. भारतात दुरुस्तीला पाठवायचं म्हणजे परत अमेरिका.

टॉपिंगचा डीएक्स३ प्रो प्लसही याच रांगेत बसतो. ब्लूटूथ आणि रिमोट हवा असेल, म्हणजे पलंगावर पडून फोनवरून गाणी बदलायची असतील, तर तो बघा. बॅलन्स्ड जॅक त्याला नाही, आणि मघाशी सांगितलं त्या कारणाने बहुतेकांचं त्यावाचून अडत नाही.

डबा घरी आल्यावर परत करायची मुदत असते, तेवढ्यात एक तपासणी करून घ्यावी, आणि तिच्यासाठी आपल्या गावाकडे उत्तम सामग्री आहे. शाहू महाराजांनी उस्ताद अल्लादिया खाँना दरबारी आश्रय दिला आणि त्यांच्या तालमीत केसरबाई केरकरांसारख्या गायिका तयार झाल्या. केसरबाईंच्या ७८ च्या तबकड्या तीन-साडेतीन मिनिटांच्या, आणि मोनो. मोनो म्हणजे डाव्या-उजव्या कानाला अगदी सारखा आवाज, त्यामुळे गाणं डोक्याच्या बरोबर मध्ये ऐकू यायला हवं. रात्री घर शांत झाल्यावर आवाज अगदी हळू ठेवून अशी एखादी तबकडी ऐका. स्वर एका कानाकडे झुकतोय असं वाटलं तर हेडफोन उलटा घाला. झुकाव दुसऱ्या कानाकडे गेला तर दोष अ‍ॅम्पचा किंवा हेडफोनचा, त्याच कानाला राहिला तर कानाचा. कानाचा नसेल तर नॉब थोडा वर न्या. वर गेल्यावर तोल सावरला तर आवाजाच्या पॉटचे (नॉबमागच्या फिरत्या रोधाचे) दोन भाग खालच्या टोकाला जुळत नाहीत, असं समजा. एटॉम, मॅग्नी, झेन यांच्या अ‍ॅनालॉग नॉबमध्ये हा स्वभाव थोडाफार असतो. गेन कमी करून नॉब वरच्या भागात वापरला की तो बहुतेक झाकला जातो. फिओचे दोन्ही डबे आवाज डिजिटल पद्धतीने ठरवतात, त्यांना हा रोग नाही. इअरफोनवर रात्री हळू ऐकणाऱ्यांसाठी हा फरक वॉटांपेक्षा कितीतरी मोठा आहे.

याच तपासणीत खरखरही ऐकून घ्या. तबकडीची स्वतःची खरखर असतेच, तिचा दोष डब्याला देऊ नका. गाणं थांबवा, नॉब नेहमीच्या जागी ठेवा, आणि शांततेत काही सुं ऐकू येतंय का बघा. हेडफोनवर चौघांपैकी कुणाचंच येऊ नये. एक मात्र आहे: जुन्या तबकडीत जे मुळातच भरलेलं नाही ते कुठलाही डबा आणून देत नाही. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीच्या त्या मुद्रणात वरचे स्वर अर्ध्यातच कापले गेलेत. तुमचं ऐकणं मुख्यतः तेच असेल तर १२९ डॉलर आणि १९९ डॉलरमधला फरक तुम्हाला कधीच ऐकू येणार नाही.

खरेदीचं. राजारामपुरीत होम थिएटर, साउंडबार ऐकून बघून घेता येतात. असले डबे बहुतेक ऑनलाइनच मागवावे लागतात. कंपनीच्या अधिकृत भारतीय वितरकाकडून घेतलं की वॉरंटी इथेच चालते. तोच डबा दोन हजारांनी स्वस्त दिसला तर विकणाऱ्याला वॉरंटी कोण देणार ते लिहून मागा; उत्तर गोलमोल आलं तर ते दोन हजार कशाचे ते कळेल.

जुना घेत असाल तर डबा आणि त्याचा मूळ अ‍ॅडॉप्टर दोन्ही बघा. एटॉम-मॅग्नीच्या अ‍ॅडॉप्टरवर २३० व्होल्ट असलंच पाहिजे, आणि ‘आउटपुट’पुढे एसी. कुणीतरी मूळ हरवून डीसीचा भलताच लावलेला असेल तर सौदा तिथेच थांबवा. नॉब शून्यापासून शेवटपर्यंत हळू फिरवून खरखर ऐका. पावसाळ्यात बंद कपाटात पडून राहिलेल्या अ‍ॅनालॉग पॉटमध्ये ती हमखास येते. जॅकमध्ये हेडफोनची पिन हलवून बघा, एक कान जात-येत असेल तर घासाघीस करायला जागा आहे. आणि हे सगळं हेडफोन डोक्यावर न चढवता, हातात धरून करा. अनोळखी डबा चालू-बंद करताना ठक्कन आवाज मारतो की नाही हे कानाजवळ बघायचं नसतं.